बाकीचा बँड

पियानोवाल्या बाईंनी पुन्हा तीच पट्टी दाबली आणि या वेळी बोट उचललंच नाही. सूर खोलीभर पसरला, खिडकीच्या काचेपर्यंत गेला. माझ्या नातीनं, जिला आम्ही शिट्टी म्हणतो, तिनं क्लॅरिनेट ओठांत धरून त्याच्यावर आपला सूर लावला, आणि दोन सुरांच्या मध्ये काहीतरी थरथरायला लागलं, नळ अर्धवट बंद केल्यावर भिंतीतला पाइप थरथरतो तसं. बाई म्हणाल्या, "चढा आहे." शिट्टीनं ओठ सैल केले, पुन्हा फुंकलं. "अजून चढाच." मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर तिचा कोट मांडीवर घेऊन बसले होते. चूक कुणाची आहे ते मला स्वच्छ ऐकू येत होतं, म्हणून मी बोलून गेले, "बाई, रागावू नका, पण तुमचा पियानो उतरलाय." बाई हसल्या. वाईट नाही हसल्या, लहान मुलानं चंद्र मागितला की हसतात तशा. "आजी, परवाच लावून घेतलाय. माणूस दिवसभर बसला होता." मग त्या शिट्टीकडे वळल्या. "तू आजवर पियानोबरोबर कधी वाजवलंच नाहीस का गं?" शिट्टी म्हणाली, "वाजवलंय की." आणि माझ्याकडे बघत, जरा हळू, "म्हणजे, आजीबरोबर."

आजीबरोबर म्हणजे स्वयंपाकघरात. आमच्याकडे पियानो नाही, आणि या बाई ऑडिशनच्या आधीच्या आठवड्यातच काय तो सरावाला वेळ देतात. संगीत महाविद्यालयात यंदा क्लॅरिनेटची एकच जागा आहे. दोन तुकडे वाजवायचे, एक नुसता, एकटीनं, आणि एक पियानोच्या साथीनं. नुसता तुकडा शिट्टी आपल्या खोलीत दार लावून वाजवायची. साथीचा मात्र शाळेतून आली, खाल्लं-प्यालं, की स्वयंपाकघरात माझ्यासमोर. ती पहिला सूर द्यायची, मी तो पकडायचे, आणि चष्मा नाकावर ओढून कागदावरची पियानोची ओळ गुणगुणायला लागायचे. एका गळ्यातून दहा बोटांचं काम काय होणार, पण कुठे आधार द्यायचा, कुठे वाट बघायची, कुठे तिला एकटं सोडून गप्प बसायचं, एवढं मला जमतं. संपलं की शिट्टी विचारायची, "बरोबर?" मी म्हणायचे, "बरोबर." रोज. त्याशिवाय ती वाद्य पुसायलाच घ्यायची नाही. त्या दिवशी बाईंकडून परत येताना बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि वाद्याची पेटी दोन्ही हातांनी पोटाशी धरून बसली. मी म्हटलं, "तोंडाशी लावायची पत्ती बदलून बघू. नवी पत्ती कधीकधी चढते." ती म्हणाली, "हो, पत्तीच असेल." दोघींनाही ठाऊक होतं की पत्ती नाही.

गुणगुणायची सवय मला वडिलांनी लावली. ते कारखान्यात लेथवर होते, आणि कारखान्याच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. सुट्टीच्या दिवशी बागेतल्या गोल चौथऱ्यावर बँड बसायचा, पितळेची वाद्यं उन्हात नुसती पेटायची, आणि त्यांच्यात वडिलांचं काळं वाद्य सोन्याच्या दातांमधल्या एका किडक्या दातासारखं दिसायचं. हे त्यांचंच वाक्य. ते घरी सराव करायचे तो स्वयंपाकघरात, कारण दुसरी खोली होती ती निजायची, आणि त्यात धाकटा भाऊ निजलेला असायचा. हाताला यंत्राच्या तेलाचा वास, जो साबणानं कधी गेलाच नाही, आणि त्यावर वाद्याच्या सांध्यांतल्या बुचाला लावायच्या चरबीचा. आई भाजी चिरत असायची. एकट्यानं वाजवून त्यांना कंटाळा यायचा, किंवा लाज वाटायची, काय कोण जाणे, एक दिवस ते मला म्हणाले, "तू अशी नुसती उभी का? तू बाकीचा बँड हो." तेव्हापासून मी बाकीचा बँड झाले. आधी तुतारीसारखं कॉर्नेट, मग खालचे जाड आवाज गाल फुगवून, आणि शेवटी ढोलासाठी पातेल्यावर झाकण. आई म्हणायची, "झाकणाला पोचा पाडलास तर तुझ्याच ताटावर ठेवीन." कागद वाचायलाही त्यांनीच शिकवलं, बोटानं ओळीवरून ओळीवर. पुढे ते माझं नावच झालं. "ए बाकीचा बँड, जेवायला चल." लग्न होऊन मी गेले, मुलाला कडेवर घेऊन माहेरी यायचे, तेव्हाही दारात पाय ठेवताच, "आला का बाकीचा बँड? बैस." तोवर खरा बँड उरलाच नव्हता. कारखाना बंद पडला त्या वर्षी भंगारवाला हातगाडी घेऊन आला आणि सगळं पितळ घेऊन गेला. कॉर्नेट, ट्रॉम्बोन, ते अजगरासारखं वेटोळं घातलेलं मोठं, सगळं एकावर एक. क्लॅरिनेट हातात घेऊन त्यानं ठोकून बघितलं आणि परत दिलं. "हे लाकूड आहे. याचं मी काय करू?" वडील ते डब्याच्या पिशवीत घालून घरी घेऊन आले. लाकूड होतं म्हणून वाचलं, आणि आता शिट्टी वाजवते ते तेच. कितीतरी वर्षं मला ही गोष्ट आनंदाची वाटत आली आहे.

दुरुस्तीवाल्याचं दुकान एका जिन्याच्या खाली आहे, उंच माणसानं मान वाकवूनच आत जावं असं. त्यानं पत्ती बघितली, चाव्यांच्या गाद्या दाबून बघितल्या, फटीतून उजेड येतो का ते बघितलं, आणि म्हणाला, "आजी, वाद्य ठणठणीत आहे." माझा जीव भांड्यात पडला. "बघ, मी म्हटलं नव्हतं?" मी शिट्टीला म्हणाले. त्यानं तेवढ्यात मागच्या फळीवरून दुसरं क्लॅरिनेट काढलं आणि दोन्ही काउंटरवर शेजारी शेजारी उभी केली, शाळेत मुलांची उंची मोजतात तशी. आमचं बोटाच्या रुंदीएवढं आखूड होतं. "जुन्या बँडांचं असंच असायचं," तो म्हणाला. "सगळी वाद्यं वरच्या सुरात बनवलेली. उघड्यावर आवाज खणखणीत जातो म्हणून. सगळेच वर असले की कुणीच वर नसतं. पण पियानोशी याचं जमायचं नाही." शिट्टीनं विचारलं, "वाद्याचा मधला सांधा थोडा बाहेर ओढला तर?" "ओढ की. एक सूर जुळेल, बाकीचे फितूर होतील." मी म्हटलं, "अहो, पण काहीतरी करता येत असेल ना. तुम्ही एवढे कारागीर." तो ओशाळला बिचारा. "लांब असतं तर कापून दिलं असतं, आजी. आखूड शिवलेलं लांब कसं करू?" मग फळीवरचं ते दुसरं वाद्य त्यानं पुढे सरकवलं. "परीक्षेपुरतं हे घेऊन जा. नंतर आणून द्या." शिट्टीनं ते हातात घेतलं. तिची बोटं भोकांवर गेली आणि केसभर चुकली, अंधारात ओळखीच्या जिन्याची एक पायरी जास्त निघावी तशी. मी बघितलं आणि बघितलं नाही असं केलं.

त्या रात्री जेवताना माझा मुलगा म्हणाला, "म्हणजे गेली इतकी वर्षं या घरात जे चाललं होतं ते बेसूर होतं? मला वाटलं मलाच कळत नाही." तो लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत आहे, स्वतःच सांगत असतो की त्याला दोनच सूर कळतात, चालू आणि बंद. सून म्हणाली, "अहो, गप्प बसा." सून इस्पितळाच्या औषधांच्या खिडकीवर बसते, आणि तिनं शिट्टीसाठी औषधशास्त्राची एक जागा बघून ठेवली आहे. त्यात वाईट काही नाही. ती कधी हट्ट करत नाही, फक्त त्या जागेचा विषय भाकरीच्या डब्यासारखा टेबलावर असतो, हवा त्यानं घ्यावा. "बेसूर नव्हतं रे," मी मुलाला म्हटलं, "कणसूरसुद्धा नव्हतं. पियानोच्या मानानं वर होतं, इतकंच." "आई, लिफ्ट मजल्याच्या मानानं वर थांबली की माणूस ठेचकाळतोच ना?" सगळे हसले, मीही हसले. शिट्टी हसली नाही. ताटाकडे बघत ती म्हणाली, "माझ्या फोनमध्ये सूर बघायचा काटा आहे. तो कायम उजवीकडे जायचा. सुरुवातीपासून." मी म्हटलं, "मग बोलली का नाहीस?" "मला वाटलं फोन जुना आहे." थोड्या वेळानं, "तू बरोबर म्हणायचीस ना."

हे ती तक्रार म्हणून म्हणाली नाही. तक्रार असती तर मी उत्तर दिलं असतं. ती नुसतं जे झालं ते सांगत होती, काटा उजवीकडे जात होता आणि आजी बरोबर म्हणत होती, तेव्हा काटा चूक. मी माझ्या खोलीत येऊन दिवा न लावताच बसले. शिट्टी बोलायला लागण्याआधी समोरच्या दोन दातांच्या फटीतून वारा काढायची, त्यावरून हे नाव पडलं. त्या वाऱ्यालाही मी सूर जोडायचे. पुढे कपाटात स्वेटरांच्या खाली तिला ती पेटी सापडली आणि तिनं विचारलं, "हे काय आहे?" तेव्हा वडील जाऊन किती वर्षं झाली होती, आणि तोपर्यंत त्यांचं वाद्य मी एकदाही उघडलं नव्हतं. शाळेच्या बँडच्या मास्तरांनी तिला बोटं शिकवली. ते मूळचे ट्रम्पेटवाले, पोरांना फक्त "जोरात!" म्हणून ओरडायचे, आणि त्या गदारोळात कोण कुठे आहे ते ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. सूर मी शिकवला. तिनं पहिल्यांदा नीट फुंकलं तेव्हा मला रडू आलं, ते तिला चांगलं आलं म्हणून नव्हे. तो सूर मी ओळखला म्हणून. तसाच्या तसा होता. स्वयंपाकघर, आई, झाकण, निजलेला भाऊ, सगळं त्या उंचीवर जिथल्या तिथे. मला काय ठाऊक की ती उंची कुठेच उरलेली नाही. भंगारवाल्याची गाडी मी डोळ्यांनी बघितली होती. पितळ गेलं, वाजवणारे गेले, आणि त्या सुरात मिळवलेल्या अशा जगात दोनच गोष्टी राहिल्या, कपाटातलं एक लाकूड आणि माझा कान. आणि त्या दोघांच्या मध्ये आणून मी या पोरीला उभं केलं.

उसन्या वाद्यावर सराव सुरू झाला. मी ठरवलं की आता आपण तोंड उघडायचं नाही. ती दार लावून घ्यायची आणि मी खाली टपालाच्या पेट्यांशेजारच्या बाकावर जाऊन बसायचे. येणारे-जाणारे विचारायचे, "आजी, किल्ली विसरलात?" मी म्हणायचे, "हवा खाते आहे." तिथे हवा अशी नव्हतीच, वरच्या मजल्यावरच्या कुणाच्या तरी धुण्याच्या साबणाचा वास होता. पहिल्या दिवशी वर आले तर शिट्टीचा चेहरा उजळलेला होता. "आजी, काटा मध्ये आला! अगदी मध्ये!" मी तिला जवळ घेतलं. "दाखव," मी म्हटलं, आणि तिनं फोन टेबलावर उभा करून एक लांब सूर लावला. काटा मध्ये होता. माझ्या कानाला तो सूर पाणी घातलेल्या दुधासारखा लागला, पण मी हसून मान हलवली. मग सूर चालू असतानाच, तिच्या नकळत, काटा जागचा हलला. हळूहळू उजवीकडे निघाला. ती जसजशी मन लावून वाजवत होती, डोळे मिटत होती, तसतसा तो जात होता, ओळखीच्या वाटेनं घरी निघालेल्या माणसासारखा.

पियानोवाल्या बाईंनी दुसऱ्याच दिवशी ते ओळखलं. "वाद्य आता चोख आहे," त्या म्हणाल्या. "तीच त्याला वर ओढतेय." त्यांनी शिट्टीच्या हनुवटीला दोन बोटं लावली. "इथे. पत्ती चावतेस तू. सैल सोड." शिट्टीनं सैल सोडलं, सूर खाली आला, पियानोत मिसळला, आणि तिच्या कपाळावर आठी पडली. "आता कसं वाटतंय?" बाईंनी विचारलं. "खोटं," शिट्टी म्हणाली. बाई प्रेमानंच म्हणाल्या, "कान बदलायला वेळ लागतो, बाळा. बदलतो, पण वेळ लागतो." वेळ नव्हता, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. बाहेर कोट चढवताना मी बाईंना म्हटलं, "पुढच्या वर्षी पुन्हा बसता येतं का?" त्या म्हणाल्या, "जागा निघाली तर. ही भरली की मग आधीचं पोर बाहेर पडल्याशिवाय निघत नाही." जिना उतरताना शिट्टी माझा हात धरून, माझ्यासाठी एकेक पायरी थांबत उतरत होती, आणि मला वाटलं की मी हिला शिकवलं ते हेच, थांबणं, दुसऱ्याची वाट बघणं. ते चांगलं आलं होतं तिला. त्याला कुणी गुण देत नाही.

महाविद्यालयाच्या त्या मजल्यावर एक लांबलचक बोळ होता, दोन्हीकडे दारं, आणि प्रत्येक दारामागे कुणीतरी काहीतरी वाजवत होतं. बाकावर माझ्या शेजारी एक आई बसली होती, थर्मास घेऊन. तिनं मला चहा दिला. "तुमची नात का? आमचा तिसऱ्यांदा आलाय. त्याचे वडील म्हणतात, आता एकतर तो तरी बाजा सोडेल नाहीतर मी तरी घर सोडेन." मी म्हटलं, "मग बाजा राहू द्या." ती एवढी हसली की चहा सांडला. बरं वाटलं. घटकाभर मला असंही वाटलं की होईल, असं कुठे असतं, परीक्षकसुद्धा माणसंच असतात, पोरीच्या बोटात गोडवा आहे तो त्यांना दिसेलच. शिट्टी दोन्ही पेट्या घेऊन आली होती. जुनी कशाला, असं सून निघताना म्हणाली होती, आणि शिट्टी म्हणाली होती, "असू दे गं, सोबतीला." तिचं नाव पुकारलं तेव्हा तिनं जुनी पेटी माझ्या मांडीवर ठेवली, उसनं वाद्य घेतलं, आणि आत गेली. दार लागलं.

नुसता तुकडा तिनं आधी वाजवला. तो सुरेख झाला. थर्मासवाल्या आईनं भुवया उंचावून माझ्याकडे बघितलं, दुसऱ्याच्या पोराचं कौतुक करताना जेवढं मन मोठं करावं लागतं तेवढं करून. मग कागद हलवल्याचा आवाज. आतल्या पियानोनं सुरुवात केली, आणि मला तो नेहमीप्रमाणे उतरलेला वाटला, सगळे पियानो वाटतात तसा. ती आत काय करत असेल ते मला दिसत होतं. पहिल्या ओळीत हनुवटी सैल. आला, सूर खाली आला, पियानोत मिसळून गेला, पाणी घातलेलं दूध. मी पेटी घट्ट धरली. दुसरी ओळ. तिसरी. मग ती जागा आली जिथे मी स्वयंपाकघरात गप्प व्हायचे आणि तिला एकटं सोडायचे, आणि आतला पियानोही तिथे गप्प झाला, आणि शिट्टी एकटीच वर चढत गेली. डोळे मिटले असणार तिनं. तिथे तिचे डोळे मिटतातच. आणि एका क्षणी तो सूर मला ओळखीचा वाटला. माझ्या सगळ्या अंगाला तो बरोबर वाटला, आईच्या चिरण्याच्या आवाजाइतका, तेलाच्या वासाइतका, आत कुठेतरी एक दार बेमालूम बसावं तसा बरोबर, आणि तो बरोबर वाटला तेव्हाच मला कळलं की संपलं. पियानो परत आला. थर्मासवाल्या आईनं कळेल न कळेल असं तोंड वाकडं केलं आणि लगेच ती नजर फिरवून थर्मासचं झाकण बसवत राहिली.

ती बाहेर आली तेव्हा तिचे गाल लाल होते. माझ्यासमोर बसून तिनं उसनं वाद्य सुटं केलं, एकेक तुकडा आतून पुसला, पत्ती काढून डबीत ठेवली. मी वाट बघत होते. मी काय म्हणायचं ते ठरवून ठेवलं होतं, खरं नाही आणि अगदी खोटंही नाही असं काहीतरी. तिनं पेटीच्या कड्या लावल्या, थर्मासवाल्या आईच्या मुलाला "चांगलं होईल हं" म्हणाली, आणि माझ्या मांडीवरची जुनी पेटीही उचलून घेतली. तिनं विचारलंच नाही.

बसमध्ये बऱ्यापैकी गर्दी होती पण आम्हाला जागा मिळाली. ती खिडकीशी, मी शेजारी, दोन्ही पेट्या तिच्या पायांशी उभ्या, एकीतलं वाद्य बोटभर लांब, दुसरीतलं आखूड, बाहेरून मात्र सारख्याच दिसणाऱ्या. दुकानांच्या पाट्या मागे जात होत्या. मी म्हटलं, "उसनं वाद्य आजच परत देऊन टाकू, वाटेतच आहे." "हो," ती म्हणाली. "आईला फोन केलास?" "करीन." मला वाटतं मी वडिलांचा विचार करत होते, ते डब्याच्या पिशवीत वाद्य घालून घरी आले त्या दिवसाचा, त्या दिवशी ते मला काय म्हणाले होते ते आठवून बघत होते. खूप वेळानं शिट्टीनं माझ्या हातावर हात ठेवला. तिचा तळवा गरम होता.

"आजी," ती म्हणाली, अगदी हळू, आजारी माणसाशी बोलावं तसं, "आता गुणगुणू नकोस ना गं."

मी गुणगुणत होते हे मला ठाऊकच नव्हतं. मी तोंड मिटलं. बस चौकात सिग्नलला थांबली, आणि तिचं इंजिन एका लांब, एकसारख्या सुरात घुमत राहिलं. तोही मला उतरलेलाच वाटला.